गोजिरा मायनस वन : युद्धाला नको म्हणणारा, की युद्धाची हुरहुर लावणारा?

वांग्याचं_भरीत
आधी नावाचं. जपानीत गॉडझिलाला ‘गोजिरा’ म्हणतात. गोरिला आणि कुजिरा (देवमासा) यांची मोट बांधून केलेला शब्द. टीव्हीवर हे नाव ऐकून आई बाहेर आली. "गोजिरा? बघू तरी केवढासा आहे." पहिल्या दहा मिनिटांत त्या गोजिरवाण्याने ओदो बेटावरची माणसं तोंडात धरून भिरकावून दिली, तशी ती आमटीला फोडणी द्यायला निघून गेली.

‘गॉडझिला मायनस वन’, २०२३, दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी. माझं तिसऱ्यांदा पाहून झालं, आणि माझ्या मते इतका चांगला युद्धविरोधी सिनेमा गेल्या कित्येक वर्षांत आलेला नाही. पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबा, शेवटही फोडणार आहे.

शिकिशिमा हा कामिकाझे, म्हणजे विमानासकट शत्रूवर आदळून मरणारा वैमानिक. मरायला पाठवलेला, पण विमानात बिघाड झाल्याचं सांगून बेटावर उतरतो. तिथल्या तंत्रज्ञाला, ताचिबानाला, बिघाड काही सापडत नाही. रात्री गोजिरा येतो तेव्हा शिकिशिमाच्या हातात तोफ असते आणि बोट चापावरून हलत नाही. जळून गेलेल्या टोकियोत परततो तर शेजारीण सुमिको त्यालाच फैलावर घेते. तिची मुलं बॉम्बफेकीत गेलेली, आणि हा जिवंत परत आलेला! तीच सुमिको पुढे त्याच्या दारात आलेल्या अनाथ तान्हुलीच्या पेजेसाठी आपला साठवलेला पांढरा तांदूळ काढून देते. चेहऱ्यावर राग तसाच. मला अख्ख्या सिनेमात हा तांदूळ सगळ्यात जास्त आवडला.

बखरकार
तांदूळ मलाही आवडला. पण युद्धविरोधी? भरीतशेठ, जरा जपून.

शेवटचा पाऊण तास आठवा. नौदलाचे जुने गडी पुन्हा गोळा होतात, ‘युकिकाझे’ आणि ‘हिबिकी’ या विनाशिका समुद्रात उतरतात, युद्धात कधी कामाला न आलेलं ‘शिंदेन’ विमान झळकतं, पाठीमागे संगीतकार इफुकुबेची ती प्रसिद्ध धून. १९४५ साली जे जिंकता आलं नाही ते १९४७ मध्ये जिंकून दाखवलंय, फक्त समोर अमेरिकेऐवजी राक्षस. याच दिग्दर्शकाने २०१३ साली कामिकाझेंवर ‘एटर्नल झीरो’ केला होता आणि तेव्हाही जपानातच त्यावर टीका झाली होती.

आणि चीन, कोरिया कुठेत? दोन तासांत एकही पात्र म्हणत नाही की आपण दुसऱ्यांचंही काही जाळलं. सगळे बिचारे.

वांग्याचं_भरीत
नोदाचं, म्हणजे गोजिराविरुद्धची मोहीम आखणाऱ्या माजी नौदल अभियंत्याचं, भाषण विसरलात. या देशाने माणसांचा जीव फार स्वस्त धरला, हे तो सगळ्यांसमोर बोलतो. चिलखत पातळ असलेले रणगाडे, रसद नाही म्हणून भुकेने आणि रोगाने मेलेली माणसं, बाहेर पडायची सोय नसलेली लढाऊ विमानं. जुनी हौस भागवायची असती तर हे कशाला लिहिलं असतं?

बखरकार
"आपल्या" माणसांचा जीव. मी तेच म्हणतोय.

निशीकासाई_मुक्काम
टोकियोत राहतो म्हणून दोन गोष्टी. मी हा शिंजुकूत पाहिला. गोजिराचे सिनेमे काढणाऱ्या तोहो कंपनीच्या तिथल्या इमारतीच्या कठड्यावरून गोजिराचं मुंडकं खाली रस्त्याकडे बघत असतं, त्याच इमारतीतल्या थिएटरात. इथे नावं संपून दिवे लागेपर्यंत सहसा कोणी उठत नाही. त्या दिवशी दिवे लागल्यावरही माझ्या शेजारचे आजोबा छत्री मांडीवर घेऊन तसेच बसून होते.

दुसरी गोष्ट ऑफिसातली. जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला तेव्हा जहाजं, विमानं कोणी काढलीच नाहीत. बोलणं झालं ते सरकारवर. सिनेमात गोजिरा येतोय हे सरकारला ठाऊक असतं आणि लोकांना सांगत नाहीत. बातमी दाबणं ही तर या देशाची खासियतच, असं शिकिशिमा काम करतो त्या सुरुंग काढणाऱ्या बोटीचा कप्तान अकित्सु म्हणतो. २०११चा फुकुशिमाचा अणुअपघात पाहिलेल्या माणसाला हे वाक्य वेगळंच लागतं. बखरकारांना त्या जमवाजमवीत लष्कर दिसलं, इथल्या लोकांना सरकारने वाऱ्यावर सोडलेली माणसं दिसली. नोदा सभेत स्पष्ट सांगतो की सक्ती नाही, आणि काही जण खरंच उठून जातात. त्यांना कोणी भित्रा म्हणत नाही.

रातराणी
मला दोन्ही बाजू पटत नाहीत, कारण मला सिनेमाच पटला नाही. रडारड किती! नायक दर वीस मिनिटांनी किंचाळतो. टोकियोच्या गिन्झा भागात गोजिराच्या स्फोटात सगळं उडून जातं, त्याच्याबरोबर राहणारी नोरिको त्याला गल्लीत ढकलून स्वतः वाऱ्यावर जाते, काळा पाऊस पडतो, तो आभाळाकडे बघून ओरडतो. इथवर ठीक, अंगावर काटा आला. आणि शेवटी बाई दवाखान्यात पट्टी बांधून हजर! मग तो पाऊस कशाला पाडलात? आपल्याकडे मालिकेत असं केलं की आपण हसतो, जपान्यांनी केलं की कला.

खरा गोजिरा २०१६चा, ‘शिन गॉडझिला’. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची. राक्षस समुद्रातून वर येतोय आणि मंत्री एका खोलीतल्या बैठकीतून उठून दुसऱ्या खोलीतल्या बैठकीत जाऊन बसतायत. पंतप्रधान आत्मविश्वासाने सांगतात की तो जमिनीवर येणार नाही, तेवढ्यात तो आलेला असतो. शेवटी काँक्रीट ओतायच्या लांब सोंडेच्या गाड्या आणून त्याच्या तोंडात औषध ओततात. फुकुशिमात अणुभट्टीवर पाणी मारायला तसल्याच गाड्या वापरल्या होत्या. मी सरकारी कार्यालयात सतरा वर्षं टिपण्या लिहिल्या आहेत, मला तो सिनेमा माहितीपट वाटला.

रोटोवाला
मुंबईत व्हीएफएक्समध्ये (सिनेमातली संगणकावर केलेली दृश्यं) आहे, त्यामुळे माझा मुद्दा वेगळा. ६१० शॉट्स, जेमतेम पस्तीस माणसांची टीम आणि २०२४चं ऑस्कर. दिग्दर्शक स्वतःच व्हीएफएक्स सुपरवायझर, त्याच खोलीत बसलेला. शॉट दाखवला की हो किंवा नाही जागच्या जागी. आमच्याकडे एका शॉटची चौदावी आवृत्ती सात समुद्रांपलीकडे जाते आणि "अजून थोडं काहीतरी" असा शेरा घेऊन परत येते. लाकडी बोटीमागे गोजिरा पोहत येतो त्या प्रसंगातलं पाणी पाहा, बाकी सगळं सोडा. फक्त "एवढ्या स्वस्तात केलं" म्हणून टाळ्या पिटू नका. उद्या आमचा साहेब तेच ऐकवेल.

तंबोरा
१९५४चा पहिला ‘गोजिरा’ इथे कोणी पाहिलाच नाही की काय?

त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि ‘फुकुर्यू मारू’ या मासेमारी बोटीवर किरणोत्सर्गी राख पडली. तेवीस खलाशी होते. त्यांतले रेडिओ ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले आणि नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडांचा सिनेमा लागला. सुरुवातच एका बोटीवर पडलेल्या लखलखाटाने. पुढे लोकल गाडीत एक बाई किरणोत्सर्गी मासा, नागासाकीतून कशीबशी वाचले वगैरे असं बोलते, जसं आपण पाणीकपातीवर बोलावं. पेटलेल्या शहरात एक आई पोरांना कवटाळून सांगते की आता आपण बाबांकडे जाऊ. हे पाहिल्यावर मायनस वनमधलं रडणं मला मापात वाटत नाही.

आणि ती डरकाळी! इफुकुबेंच्या कल्पनेतून आलेली. डबल बेस या भल्यामोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या तारांवरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढून काढली. सत्तर वर्षांत तिला पर्याय मिळालेला नाही.

वांग्याचं_भरीत
तंबोरा, पाहिलाय, आणि त्यातच माझा मुद्दा आहे. १९५४मध्ये डॉ. सेरिझावा गोजिराला मारतात आणि आपलं अस्त्र पुन्हा कोणाच्या हाती लागू नये म्हणून समुद्रतळाशी स्वतःची हवेची नळी कापतात. म्हणजे पहिल्या सिनेमातही सुटका मरणातच. शिकिशिमाही बॉम्ब भरलेलं विमान गोजिराच्या तोंडात घालतो, पण ताचिबानाने त्यात बाहेर फेकणारी खुर्ची बसवलेली असते. ज्याच्या भेकडपणामुळे आपली माणसं मेली असं ताचिबाना मानतो, त्यालाच तो जग म्हणून सांगतो.

रातराणी
जगला, मान्य. नोरिको कशी जगली ते सांगा.

तंबोरा
तिच्या मानेवर काळा डाग सरकताना दाखवलाय, तो निसटला वाटतं. ती वाचली हे चांगलं झालं की नाही, याचीच मला शंका आहे.

कोयनाकाठ
बखरकारांचं "आपल्या माणसांचा जीव" वाचून लिहितोय. माझे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, १९४४ला इंफाळच्या बाजूला होते. म्हणजे जपान्यांच्या समोर. ते घरी लढाईचं काही सांगत नसत, एवढंच सांगत की मेलेल्या जपानी शिपायाच्या पिशवीत तांदूळ नसायचा, मुळं आणि गवत असायचं. ती मोहीम त्यांच्या सेनापतींनी रसदीशिवाय डोंगरात ढकलली होती. तिथे मेलेल्या जपान्यांपैकी बहुतेक भुकेने आणि रोगाने गेले. नोदा भुकेने मेलेल्यांबद्दल बोलला तेव्हा मला ती पिशवी आठवली. तो "आपल्या" माणसांबद्दल बोलत होता हे खरंच. पण माझे पणजोबा समोरच्या बाजूला असूनही तीच गोष्ट सांगायचे.

उरलेला हिशोब, चीनचा, कोरियाचा, तो सिनेमाने टाळलाय यात मात्र मी बखरकारांबरोबर आहे.

बखरकार
पिशवीचं वाचून गप्प झालो. माझं म्हणणं मागे घेत नाही, पण ‘शिंदेन’ येतं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता हे कबूल करतो. चिडलो तेवढ्यासाठीच.

वांग्याचं_भरीत
आमटी झाल्यावर आई परत येऊन बसली होती. शिकिशिमा झोपलेल्या अकिकोजवळ, म्हणजे त्या अनाथ पोरीजवळ, पत्र आणि पैसे ठेवून पहाटे निघतो, तिथे ती टीव्हीशी बोलायला लागली. "मेला निघालाय पोरीला टाकून." खुर्चीचं रहस्य उलगडलं तेव्हा फक्त "हं" म्हणाली आणि ताटं घेतली.

रातराणी, तो बैठकांचा सिनेमा कुठे मिळेल? तीसुद्धा पंचायत समितीतून निवृत्त झाली आहे.