खायला चालतं ते तोंडाला चालतं का? संवेदनशील त्वचा आणि गोव्याची हवा

माडाखालची

साबण बदलला की लाल होणारी, पाणी लागलं तरी चुरचुरणारी, कोपऱ्यांत पापुद्रे धरणारी त्वचा ज्यांची आहे, त्यांना दहा बाटल्यांची गरज नाही. घरचं पुरतं. पण घरचं म्हणजे स्वयंपाकघरात हाताला लागेल ते नव्हे. लिंबू नको, खायचा सोडा नको, दालचिनी नको. जिन्नस तीनच: घरी काढलेलं खोबरेल, भिरंडेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) आणि ओटचं वस्त्रगाळ पीठ.

खोबरेलासाठी चार जून नारळ खवून कोमट पाण्यात वाटा आणि पंचातून दाट रस पिळून घ्या. बरणीत झाकून ठेवला की आपल्या उष्म्यात सोळा ते चोवीस तासांत फाटतो. तळाला पाणी, वर घट्ट साय आणि सायीला लागून तेल. खालचं पाणी टाकून द्या, बाकीचं अगदी मंद आचेवर ठेवा. कान देऊन ऐका. चुरचुर आवाज येतोय तोवर तेलात पाणी आहे. आवाज थांबला आणि चोथा सोनेरी झाला की उतरवा. तपकिरी होऊ दिलात तर तेलाला करपट वास लागतो. कोरड्या फडक्यातून गाळा आणि उन्हात खडखडीत वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरा. चार नारळांतून पाव लिटरच्या आसपास तेल निघतं. महिन्याभरात खवट झालं तर दोष नारळाचा नाही, पाणी राहिलं होतं किंवा ओला चमचा गेला.

भिरंडांच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की वर जी चरबी तरंगते ती गार करून गोळे वळतात, तेच भिरंडेल. पुरुमेंताची सोलां, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची आमसुलं, घ्यायला जाल तेव्हा गोळेही विचारा. खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर पातळच. भिरंडेल ३८-४० अंशांपर्यंत घट्ट राहतं. एक भाग भिरंडेल, तीन भाग खोबरेल, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा आणि बर्फाच्या पाण्यात ढवळत पटकन गार करा. हळू गार झालं की रवाळ होतं आणि ते कण दुखऱ्या त्वचेवर टोचतात.

अंघोळीनंतर अंग टिपून, पुरतं कोरडं न करता, तीन मिनिटांच्या आत लावायचं. तर्जनीच्या टोकाएवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. त्याहून जास्त लावलंत तर फक्त कपडे तेलकट होतात.

थेंबाचा_हिशोब

कृती चोख आहे. पण तिच्यामागचा विचार मला धोक्याचा वाटतो. खाण्याचा पदार्थ म्हणून निरुपद्रवी, हे गृहीतच चुकीचं आहे. पोटातून आलेली प्रथिनं शरीर बहुतेक वेळा सोसायला शिकतं. तीच प्रथिनं भेगाळलेल्या त्वचेतून आत गेली तर शरीर त्यांना शत्रू समजायला शिकू शकतं.

जपानमध्ये तोंड धुण्याच्या एका साबणात गव्हाचं प्रथिन तोडून घातलं होतं. तो साबण रोज वापरून दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी झाली. आयुष्यभर पोळी-पाव खाणारी माणसं पाव खाऊन अंगभर गांधी उठल्यामुळे दवाखान्यात पोहोचली. २०११ साली साबण परत मागवावा लागला. साबण होता, म्हणजे अंगावर मिनिटभरच राहत होता. तुमचं मलम रात्रभर राहतं.

आता तुमच्या बाटलीकडे बघा. कारखान्यात शुद्ध केलेल्या खोबरेलात प्रथिन जवळपास उरत नाही. घरी फडक्यातून गाळलेल्या तेलात चोथ्याचे बारीक कण राहतातच. दोन दिवस बाटली हलवू नका, तळाशी ढगासारखा गाळ दिसेल. ज्याला तुम्ही अस्सलपणा म्हणता तो हा गाळ. पायाच्या कोरड्या नडगीवर चालेल. इसब फुटलेल्या कोपरावर, बाळाच्या गालावरच्या ओल्या चट्ट्यावर नाही.

तिथे पांढरी, बिनवासाची पेट्रोलियम जेली लावा. तिच्यात पाणी नाही, वास नाही, प्रथिन नाही. त्वचेतून उडणारं पाणी अडवण्यात तिच्याइतकं दुसरं काही नाही. आणि ती खवट होत नाही. घरच्या जिव्हाळ्याला ती परकी वाटते, एवढाच तिचा गुन्हा.

माडाखालची

फुटलेल्या त्वचेबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मी ते वेगळं लिहायला हवं होतं. पण खोबरेल म्हणजे नुसता जिव्हाळा नव्हे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या फिलिपिन्समधल्या चाचणीत सौम्य ते मध्यम इसबाच्या ११७ मुलांवर आठ आठवडे व्हर्जिन खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली, आणि खोबरेल सरस ठरलं. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, ते इसबावर माजणाऱ्या स्टॅफिलोकोकस या जिवाणूला आवर घालतं. जेली तेवढं करत नाही.

आणि ओटला नुसतं खाणं म्हणू नका. त्वचारक्षक म्हणून त्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्ये मान्यता दिली आहे. फक्त दळण अतिशय बारीक हवं. ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून ढवळा. पाणी दुधासारखं झालं आणि तळाला लगेच काही बसलं नाही तर ठीक. खाली भरड दिसली तर पुन्हा दळा, कपड्यातून चाळा. टबची गरज नाही. दोन-तीन चमचे पीठ मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कोमट बादलीत पिळा आणि तेच पाणी शेवटी अंगावर घ्या. घासायचं नाही.

थेंबाचा_हिशोब

ती चाचणी मलाही ठाऊक आहे. ती खनिज तेलाशी होती, जेलीशी नव्हती. दोन्ही एक नव्हेत. चाचणीतलं तेल तपासलेलं, एकसारखं होतं. आपल्या बरणीतलं दर वेळी वेगळं. मुद्दा तेवढाच.

कुळागरातली_सावली

दोघेही हवा विसरताय. 'वर्षभर' हा शब्द गोव्यात त्वचेबद्दल बोलताना वापरूच नये. डिसेंबर-जानेवारीत सांग्या-केप्याकडे, आतल्या डोंगराळ भागात, पहाटे ओठ फुटतात, तेव्हा भिरंडेलाएवढं गुणी काही नाही. जूनपासून गणेशचवथीपर्यंत मात्र वळवणीवरचे कपडे चार-चार दिवस ओले राहतात आणि अंगावरचा घाम उडतच नाही. तेव्हा मानेला, पाठीला, काखेत तेल लावणं म्हणजे बुरशीला जेवण वाढणं.

हे शब्दशः. शिबं ज्या मॅलासेझियामुळे उठतात ती बुरशी अकरा ते चोवीस कार्बनच्या स्निग्धाम्लांवर जगते. खोबरेलातलं लॉरिक आम्ल बारा कार्बनचं, भिरंडेलातली मुख्य आम्लं अठराची. जिवाणूला मारणारं तेच तेल बुरशीचं खाणं होऊ शकतं. चाचणी इसबाची होती, पावसाळ्यातल्या पाठीची नव्हती. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकाच आकाराचे बारीक, खाजरे दाणे आले, दाण्याच्या तोंडाशी काळा खिळा नाही, आणि तेल लावल्यावर वाढले, तर त्याला मुरूम समजून आणखी तेल चोळू नका. आधी तेल बंद.

घामोळ्याचंही तसंच. घामाची छिद्रं आधीच बुजलेली असतात, त्यावर मलम म्हणजे झाकणावर झाकण. थंड पाण्याचं फडकं, सैल सुती कपडा आणि पंखा. एवढंच करा, बाकी काही लावू नका.

आणि कडेने चढलेला, मधून निवळलेला गोल चट्टा दिसला तर तो गजकर्ण. त्यावर घरचंही नको आणि औषधाच्या दुकानातून मागून आणलेलं तीन औषधांचं मिश्रणही नको. त्यात स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत जाते, बुरशी आत पसरत राहते, आणि पुढे डॉक्टरलाही चट्टा ओळखता येत नाही. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्वचाविभाग आहे, तिथे दाखवा.

अभ्यंग

सगळे तेलावरच बोलताय. आपलं उटणं का नको? आंबेहळद, नागरमोथा, गव्हला कचोरा, वाळा, चंदन, संत्र्याची साल. नरकचतुर्दशीला कारीट फोडून अंगाला लावतो ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्याने कोणाची त्वचा बिघडलेली ऐकली नाही. साबणापेक्षा तर नक्कीच चांगलं. साबणाचा सामू (pH) नऊ-दहा, त्वचेचा साडेचार-साडेपाच. हे तरी मानाल?

थेंबाचा_हिशोब

साबणाचं पूर्ण मान्य. उटण्याचं नाही. वर्षातून एक पहाट निरोगी त्वचेला लावणं वेगळं आणि संवेदनशील त्वचेला रोज लावणं वेगळं.

तुम्ही सांगितलेल्या सहा जिन्नसांत वाळा, चंदन, कचोरा, साल हे सगळे वासाचे. वास म्हणजे उडणारी तेलं, आणि स्पर्शाच्या अ‍ॅलर्जीत वासाचे पदार्थ पहिल्या रांगेत बसतात. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन हे वासाचं द्रव्य ताजं असताना फारसं त्रास देत नाही. हवेने जुनं झालं की तेच त्वचेला खिजवतं. मागच्या दिवाळीचं उरलेलं पाकीट म्हणून जास्त वाईट. हळदीचीही अ‍ॅलर्जी होते, आणि सुटी हळद उजळ दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार झालेले आहेत. ते शिसं आहे. बाळाच्या न्हाणीत तर सुटी हळद नकोच.

शिवाय कण. बोटांच्या चिमटीत उटणं घेऊन चोळा. रवा लागला तर ते गालावर ओरखडे काढणार. चाळलेलं बेसन किंवा मसुराचं पीठ पाण्यात पातळ कालवून, न घासता, नुसतं फिरवून धुतलं तर साबणापेक्षा सौम्य, हे मी मानतो. वाळू द्यायचं मात्र नाही. वाळून ताणलेला लेप खरवडून काढताना वरचा थर सोबत येतो, आणि ज्याला आपण 'कांती आली' म्हणतो ती बऱ्याचदा जळजळीची लाली असते.

माडाखालची

लिंबाबद्दल इथे नव्यांसाठी लिहिते, कारण 'डाग जायला लिंबू' हे गोव्यात अजून सर्रास सांगतात. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास. ते एक. दुसरं जास्त घातक: सालीत आणि रसात सोरॅलेन गटाची द्रव्यं असतात. ती अंगावर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं. लगेच कळत नाही. एक-दोन दिवसांनी फोड येतात, पाणी ओघळलं असेल त्याच रेघांत, आणि मागे राहिलेले काळे डाग कित्येक आठवडे, कधी महिनेही जात नाहीत. समुद्रकिनाऱ्यावर सरबतासाठी लिंबं पिळणाऱ्या हातांवरही हे होतं. साबणाने लगेच धुवा आणि मगच उन्हात जा.

पाणथळ

एक आडवा मुद्दा. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, तांदळाचं पाणी यांचं काय? मिसळून बाटली फ्रिजमध्ये ठेवतात, महिनाभर वापरतात. त्यात चूक ती काय?

थेंबाचा_हिशोब

चूक म्हणजे पाणी. निव्वळ तेलात जंतू वाढत नाहीत. पाण्यात वाढतात, आणि गर किंवा भाताचं पाणी म्हणजे साखरेसकट पाणी. फ्रिजमध्ये वाढ मंदावते, थांबत नाही. बुरशी दिसायच्या किती तरी आधी जंतू झालेले असतात, वासही येत नाही. दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नका. 'ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल घातली, आता टिकेल' हे साफ चूक. ते तेल खवट होणं लांबवतं, जंतूंना रोखत नाही.

कोरफडीचं पान कापलं की उभं ठेवा, पंधरा-वीस मिनिटं. कापलेल्या कडेने पिवळा चीक निथळतो, कडवट वासाचा. खाज सुटते ती बहुतेक त्या चिकाने. मग कडा काढा, साल सोला, गर धुवा. लागेल तेवढाच घ्या, उरलेलं पान बाहेर कुंडीतच राहू दे.

अभ्यंग

बरं. मग नवीन काही लावायच्या आधी हातावर एक दिवस लावून बघायचं, एवढं तरी सगळ्यांना मान्य ना?

कुळागरातली_सावली

एक दिवस पुरत नाही. जळजळ लगेच कळते, पण अ‍ॅलर्जीला वर यायला दोन-तीन दिवस लागतात, कधी जास्त. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, सात दिवस, आणि धुवायचं नाही असं ठरवून लावा. त्या सात दिवसांत दुसरं काही नवीन नको, नाहीतर कोणामुळे झालं ते कळणारच नाही. आणि पावसाळ्यात पास झालेलं मलम हिवाळ्यात, हिवाळ्यातलं पावसाळ्यात पुन्हा तपासा.

माडाखालची

माझ्या पहिल्या ओळीतलं 'घरचं पुरतं' मी बदलते: अखंड, कोरड्या त्वचेला, दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत. पावसात मानेखाली तेल नाही, हे कुळागरवाल्यांचं मानते. तेल गाळायचं तर आधी दोन दिवस स्थिर ठेवून वरचंच ओतायचं, गाळ चुलीकडे. पण अखंड त्वचेवरही खोबरेलाऐवजी जेलीच लावा, एवढं पटलेलं नाही. जेली पाणी अडवते, त्वचेला काही देत नाही. फाटलेल्या जागी जेली, सभोवती खोबरेल, या दोन्ही गोष्टी एकाच हातावर करायला काय हरकत आहे ते थेंबाचा हिशोब यांनी सांगावं.

थेंबाचा_हिशोब

हरकत एवढीच, की दोन्हींच्या मध्ये रेघ कोण मारणार? इसब कडेने सरकतं. काल जी जागा अखंड होती तिथे आज खाजवलेलं असतं, आणि खाजवल्याची बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, मीठपाणी लागल्यावरच कळते. म्हणून चट्ट्याच्या बाहेर चार बोटं जेलीच. त्यापलीकडे, नडगीवर, कोपरावर तुमचं तेल खुशाल लावा.