सोमवार ते शनिवारची कृपा : तुमचे अनुभव लिहा

सर्वांना सलाम. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू झालाय. रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहिलं की आपण मोठंच काहीतरी शोधतो : आजार बरा झाला, अपघातातून वाचलो. त्या साक्षी खऱ्याच. पण मला इथे आठवड्यातल्या बाकीच्या दिवसांबद्दल वाचायचंय. जे आपण कमावलं नव्हतं, मागायचंही सुचलं नव्हतं, आणि तरी कुणाच्या तरी हातून प्रभूने पदरात घातलं, असं काही. ख्रिस्ती नसाल तरी लिहा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली आमच्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' म्हणून ख्रिस्ताच्या अनुयायांचा मेळा मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले होते तसे न घेतलेलेही होते.

माझ्यापासून सुरुवात करतो. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका भावाशी मी चार वर्षं बोलत नव्हतो. कारण पैशाचं, आणि चूक बरीचशी माझी. प्रभुभोजनाला एकाच रांगेत गुडघे टेकायचो आणि नजर चुकवायचो. गेल्या पावसाळ्यात पत्नीला दवाखान्यातून घरी आणलं, तर दारात हाच माणूस, हातात दुधाची पिशवी. "वहिनींना चहा लागेल," एवढंच म्हणाला. मी माफी मागितली नव्हती. दूध सतरा दिवस रोज येत राहिलं.

तासगावहून, टोळीची मुकादम

सर, सलाम. मी गावातल्या बायांची टोळी घेऊन द्राक्षबागेत जाते. बायबलात मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला लहानपणापासून ऐकतेय आणि खरं सांगते, मला तो कधी पटला नाही. सकाळपासून उन्हात राबणाऱ्याला जेवढी मजुरी तेवढीच तासभर आलेल्याला? असं केलं तर टोळी आठ दिवस टिकायची नाही.

ऑक्टोबर छाटणीनंतर मणी धरले की विरळणी येते. घडातले जादा मणी बारीक कात्रीने काढायचे, मान वर करून, दिवसभर. काम उक्तं असतं, एकराच्या हिशेबाने, आणि आलेले पैसे आम्ही सारखे वाटून घेतो. गेल्या साली एकदा माझ्या पोराला रात्रभर ताप. त्याला डॉक्टरांना दाखवून, आईपाशी ठेवून बागेत पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. पाचला काम सुटलं. वाटणी मीच करते. मी स्वतःचा वाटा धरलाच नाही. आमच्यात एक बाई आहे, सगळ्यांत जास्त कुरकुर करणारी, कात्री बोथट म्हणून, पाणी गरम म्हणून. तिने माझ्या हातातल्या नोटा घेतल्या, परत मोजल्या आणि माझ्यासकट चौदा वाटे केले. "पोराला फळं ने," म्हणाली. बाकीच्या बाया डबे भरत होत्या, एकीनेही मान वर केली नाही.

दाखल्यातला मालक आपल्या खिशातून देतो. इथे प्रत्येकीच्या वाट्यातून थोडं थोडं कमी झालं होतं. त्यांतली एकही ख्रिस्ती नाही. टेंपोतून घरी येताना माझ्या लक्षात आलं, इतकी वर्षं मी तो दाखला सकाळी आलेल्यांच्या रांगेत उभी राहून ऐकत होते.

सांगलीहून

२०१९ चा पूर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टात कृष्णा ५७ फुटांवर गेली. आम्ही तळमजल्यावर. वरच्या काकूंनी आम्हा पाच जणांना घरात घेतलं. वडिलांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मात्र खालीच राहिलं. पाणी उतरल्यावर गाळात सापडलं, विटेसारखं जड. मी टाकायला निघाले होते. काकू म्हणाल्या, "देवाची पोथी अशी टाकतात का?" त्यांनी पानापानांत पावडर भुरभुरवली, पंख्याखाली ठेवलं आणि रोज दुपारी थोडी थोडी पानं सोडवत बसल्या. रात्री ठेवायच्या ते आपल्या देवघराच्या खालच्या फळीवर. तेविसाव्या स्तोत्राच्या पानाच्या कडा गेल्यात, मधलं सगळं वाचता येतं. पुस्तक फुगलंय, आता नीट मिटत नाही.

मिरजेहून, नर्स

आमच्या घरात नर्सिंग आजीपासून. डॉ. वानलेस यांचं इस्पितळ इथे १८९४ साली सुरू झालं, तेव्हापासून लांबलांबचे रुग्ण मिरजेची वाट धरतात.

माझा अनुभव बरं होण्याचा नाही. रात्रपाळीला एक आजोबा होते, सोबत कुणी नाही. मी दोन रात्री त्यांच्यासाठी प्रार्थना केली, तिसऱ्या पहाटे ते गेले. त्याआधी तासभर माझा हात धरून होते. माझे पाय भरून आले होते, आता सुटका व्हावी असंही मनात येऊन गेलं, हे कबूल करते. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडून विचारलं, "पोरी, जेवलीस का?" प्रभूने वधस्तंभावरून आपल्या आईची सोय लावली, ते दर शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) वाचतात. तेव्हा मला हे आजोबा आठवतात.

कराडहून

सगळ्यांचं वाचलं. माझ्याकडे लिहायला काही नाही. पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात राहिलो, कंत्राट संपलं तसं कंपनीतलं कामही गेलं. आई रोज संध्याकाळी प्रार्थना करते, मी शेजारी बसतो. आतून काही येत नाही.

साताऱ्याहून

बाळा, बरं झालं लिहिलंस. बायबलातल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे," एवढंच उत्तर आलं. हे तुला ऐकवताना जीभ अडते, कारण मलाही ते कित्येक दिवस पुरत नाही. आईशेजारी बसणं तेवढं सोडू नकोस.

तासगावहून, टोळीची मुकादम

कराडच्या भावा, सध्या विरळणी ऐन भरात आहे आणि माणसं कमी पडतायत. राहायला माझ्या घरी ये, पोरांचा गोंगाट असतो तेवढा सोसावा लागेल. सोमवारी निघ. सकाळची एसटी चुकली तर दुपारच्या गाडीने ये, वाटा पुरा मिळेल. कात्री आणू नकोस, माझ्याकडे जादा आहे.