आर्किटेक्चरच्या कामासाठी डेस्कटॉप: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाबद्दल सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑटोकॅड, स्केचअप आणि रेंडरिंगला (मॉडेलवरून खरं वाटेल असं चित्र काढायला) डी५ हा प्रोग्रॅम, एवढंच काम. गेम कोणी खेळत नाही. सुटे पार्ट आणून घरीच जोडणार आहोत, जोडणीत माझ्या भावाचा हात बसलेला आहे. मॉनिटर आणि यूपीएस घरात आहे. बाकी सगळं पंचाहत्तर हजारांच्या आत बसवायचंय.

आत्ताचा लॅपटॉप नेमका कुठे अडतो ते आम्ही टास्क मॅनेजर उघडा ठेवून पाहिलं. ती वाईतल्या एका वाड्याचं मॉडेल करतेय. स्केचअपमध्ये मॉडेल फिरवलं की प्रोसेसरचा एकच कोअर (काम करणारा एक भाग) १०० टक्क्यांवर जातो, बाकीचे रिकामे. डी५ची गोष्ट उलटी. चौक, ओसरी, लाकडी खांब इथपर्यंत सुरळीत चालतं. बाहेर झाडं लावायला घेतली की कार्डाची ४ जीबी मेमरी भरते आणि प्रोग्रॅम बंद पडतो. प्रोसेसर तेव्हा निवांत असतो.

म्हणजे सिंगल कोअरचा वेग हवा आणि कार्डाला मेमरी हवी. तरीही एका दुकानदाराने कोटेशन दिलं ते आय७ आणि २ जीबीचं जीटी ७३०! ते कार्ड २०१४ सालचं, त्यात डी५ला लागणारं रे ट्रेसिंगच (प्रकाशकिरणांचा हिशेब करण्याची सोय) नाही. विद्यार्थ्यांच्या गळ्यात असं काही मारलेलं बघून खरंच वाईट वाटतं.

आमच्यासमोर दोन पर्याय आहेत.

पहिला: आय५ १२४००एफ, डीडीआर४ रॅम ३२ जीबी आणि आरटीएक्स ३०६० १२ जीबी. मेमरी भरपूर, पण सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) एलजीए १७०० आहे, १४व्या पिढीपुढे त्यात काही बसणार नाही. शिवाय ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, त्यामुळे कार्ड बिघडलं तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

दुसरा: रायझन ५ ७६००, डीडीआर५ १६ जीबी आणि आरटीएक्स ५०६० ८ जीबी. कोअर दोन्हीकडे सहाच, पण हा ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, तो ४.४ पर्यंत. ७६०० मध्ये कामचलाऊ ग्राफिक्स आहेत आणि त्याच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर पुढे नवा प्रोसेसर टाकता येईल. खटकतात ते फक्त कार्डाचे ८ जीबी.

माझा कल ७६०० बोर्डासकट घेऊन त्यावर ३०६० लावण्याकडे आहे. रॅम नंतर वाढवता येते, कार्डाची मेमरी येत नाही. पण ३०६० हे २०२१चं कार्ड. तेव्हा विचारायचंय ते असं:

डी५ किंवा एन्स्केप (तसाच रेंडरिंगचा प्रोग्रॅम) रोज वापरणाऱ्यांनी सांगा, मोठ्या सीनला ८ जीबी खरोखर कमी पडतात का? की ५०६०च्या जादा वेगाने ती कसर भरून निघते?

सुरुवातीला १६ जीबीची एकच स्टिक घेऊन नंतर दुसरी लावली तर चालेल, की ८-८ची जोडीच घ्यावी?

आणि यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॉटचा आहे. ३०६० एकटं १७० वॉट खातं. आमच्याकडे लाइट वारंवार जाते. फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता तो तग धरेल का, की १ केव्हीएचा घ्यावाच लागेल?

जूरी (कॉलेजातलं प्रोजेक्टचं परीक्षण) महिन्याभरावर आलीय, त्यामुळे पुढच्या आठवड्यात पुण्याला जाऊन पार्ट आणायचा विचार आहे.