मेकाँग नदीतून वर येणारे नागाचे गोळे - कोणी प्रत्यक्ष बघितलेत का?

टिवल्याबावल्या:
नमस्कार मंडळी. नवरा कामासाठी बँकॉकला आहे, मी ऑक्टोबरमध्ये जातेय. त्याच्या ऑफिसातली एक थाई मुलगी मागे लागलीय की नोंगखायला (लाओसच्या सीमेवरचं थाई शहर) जाच, तिथे वर्षावास (बौद्ध भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागीचा मुक्काम) संपतो त्या पौर्णिमेच्या रात्री मेकाँगमधून लालसर गोळे वर येतात, आवाज नाही धूर नाही, सरळ वर जाऊन गायब. म्हणे नदीतला नागराजा सोडतो. व्हिडिओ बघितले पण सगळे अंधारात हललेले, काही कळत नाही. हे नेमकं काय आहे आणि एवढ्या लांब जाण्यात अर्थ आहे का? आणि तो अमेरिकन सैनिकांनी लांबलचक नाग हातावर धरलेला फोटो, तो तिथलाच का?

अर्धवटराव_२:
फोटोचं आधी. तो नाग नाही, ओअरफिश नावाचा मासा आहे, १९९६ साली कॅलिफोर्नियात किनाऱ्यावर सापडलेला, सातेक मीटरचा, आणि धरणारे तिथले नौदलाचे लोक. थायलंडमध्ये तोच फोटो १९७३ मध्ये लाओसला पकडलेली नागीण म्हणून विकतात, हॉटेलात फ्रेम करून लावलेला असतो. आपल्याकडच्या व्हॉट्सॅप काकांना तोड आहे ती.

गोळ्यांचं म्हणाल तर नोंगखायच्याच एका डॉक्टरांनी, मानोस कनोकसिन, वर्षानुवर्षं मागे लागून गॅसची थिअरी मांडली, नदीतळाच्या गाळात गॅस तयार होतो, वर येऊन पेटतो वगैरे. मला नाही पटत. मिथेन आपोआप पेटत नाही, फॉस्फिनवाला (हवेत आपोआप पेटू शकणारा) गॅस पेटला तर पांढरा धूर सोडतो, आणि पेटलेला गॅस गोळा बनून शिस्तीत शेकडो फूट वर कसा जाईल? शिवाय गाळाला पौर्णिमा कशी कळते हो. २००२ मध्ये आयटीव्ही या थाई चॅनेलने पलीकडे लाओसच्या बाजूला लाओ सैनिक हवेत ट्रेसर (म्हणजे जाताना उजेडाची रेघ सोडणाऱ्या) गोळ्या झाडताना दाखवले होते. त्यावरून नोंगखायला लोक असले भडकले की विचारू नका. अलीकडच्या काठावर हजारो माणसं ओरडत असतात आणि नदीही रुंद, त्यात बंदुकीचा आवाज काय ऐकू येणार. माझं मत ट्रेसर.

पिंपळपान:
जय भीम. दादा गोळी कोण झाडतं ते तुम्ही बघा, मी त्या रात्रीचं सांगतो कारण ही आपल्यालाही जवळची गोष्ट आहे. आपण आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा वर्षावास पाळतो ना, तोच हा, थाई लोक त्याच्या शेवटाला ओक फान्सा म्हणतात, म्हणून तारीख बहुतेक वेळा आपल्या कोजागिरीच्या आसपासच येते. कथा अशी की भगवान बुद्ध तीन महिने तावतिंस देवलोकात आई महामायेला धम्म सांगायला गेले आणि वर्षावास संपल्यावर संकिस्स इथे खाली उतरले (ते गाव आजही उत्तर प्रदेशात आहे), तेव्हा नागांनी आनंदाने अग्नी सोडून स्वागत केलं, आणि मेकाँगचा नाग ते दरवर्षी करतो.

आणि नाग तिकडे भीतीचा प्राणी नाहीच, भक्त आहे. एक नाग माणसाचं रूप घेऊन भिक्खू झाला पण झोपेत खऱ्या रूपात दिसला, मग बुद्धांनी सांगितलं की तुला भिक्खू होता येणार नाही. म्हणून आजही उपसंपदेच्या (भिक्खूची पूर्ण दीक्षा) वेळी विचारतात, तू मनुष्य आहेस ना? आणि थायलंडमध्ये दीक्षा घ्यायच्या आधी त्या मुलाला नाक म्हणजे नागच म्हणतात. नोंगखायला साला केव कू नावाची बाग आहे, तिथे सात फण्यांच्या नागाखाली ध्यानस्थ बुद्धांची प्रचंड मूर्ती आहे, ती गोळे दिसोत न दिसोत बघाच.

खारीचा_वाटा:
आमच्या कोकणात असलं काही दिसलं असतं तर आग्या वेताळ म्हणून दार लावून बसले असते सगळे, इथे लोक चटया घेऊन बघायला जातात 😄

भेळभत्ता:
टिवल्याबावल्या, मी गेलोय, फोन फिसाय नावाच्या गावाला, नोंगखायपासून पूर्वेला ४५ किमी वगैरे, तिथे जास्त दिसतात म्हणतात. उदोन थानीपर्यंत विमानाने जा, पुढे पन्नासेक किमी रस्ता आहे, बँकॉकहून रात्रीची रेल्वेपण आहे. हॉटेल आत्ताच बुक करा, त्या दिवशी मिळत नाही आणि परतताना ट्रॅफिक म्हणजे आपल्या गणपती विसर्जनाचा बाप. मला दिसले, लांब, गुलाबी-लाल ठिपके, दोन-तीन सेकंद, प्रत्येक वेळी काठावरून एकदम "होऽऽ". पाण्यातून निघाले की पलीकडच्या झाडीतून ते मला तरी अंधारात कळलं नाही. शेजारच्या आजी हात जोडून बसलेल्या, त्यांचा नातू फटाके उडवत होता, त्यामुळे अर्धा वेळ कशाला ओरडायचं तेच समजेना. मोबाईलचं शूटिंग विसरा, कॅमेरा असेल तर ट्रायपॉड न्या.

टिवल्याबावल्या:
अर्धवटराव, फोटोचं नवऱ्याला पाठवलं, तो त्या मुलीला सांगायला घाबरतोय 😂 भेळभत्ता, फोन फिसायला रात्री राहायची काही सोय होते का की नोंगखायलाच परत यावं लागतं? सासूबाई पण आहेत बरोबर, त्यांना फार चालवत नाही.

भेळभत्ता:
छोटी गेस्टहाउस आहेत, पण त्या रात्री भरवसा नको. सासूबाई आहेत तर नोंगखायलाच राहा, नदीकाठचा रस्ता सपाट आहे, बसायला जागा असते. फक्त संध्याकाळीच जाऊन जागा धरा.