मदत हवी आहे: सायलेंट व्हॅलीत सिंहपुच्छ माकड दिसेल का?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत केरळात जातोय, एक दिवस सायलेंट व्हॅलीसाठी राखलाय. सोबत आई, वय ६८. गुडघे कुरकुरतात, उत्साह मात्र माझ्या दुप्पट.

एवढं कळलंय: आपली गाडी मुक्कालीपर्यंतच. पुढे वन विभागाच्या व्यवस्थेतली जीप आणि गाइड, २३ किमी आत सैरंध्रीपर्यंत. तिथे उंच निरीक्षण मनोरा, खाली कुंती नदी. (याच नदीवर धरण होणार होतं. लोकांनी विरोध केला, प्रकल्प बारगळला, १९८४ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. हे ऐकल्यापासून "नदीला हात लावल्याशिवाय मी परतणार नाही" हे आईचं पालुपद.)

वाघ-हत्ती दिसले नाहीत तरी चालेल. माकड मात्र बघायचंच आहे. पण ते राहतं झाडांच्या शेंड्यावर, आणि सदाहरित जंगलात दहा फुटांपलीकडचं दिसायची मारामार. कोरड्या जंगलात पाणवठा धरून बसता येतं. इथे पाणी सगळीकडेच, मग बसायचं कुठे? शिवाय आईला नदीपर्यंत नेणं शहाणपणाचं आहे का? आणि जळवांचं काय?

प्रतिसाद १
पाणवठा विसरा, झाड धरा. कुलेनिया नावाचा मोठा वृक्ष आहे, स्थानिक लोक वेडिप्लावु म्हणतात. फांद्यांना काटेरी फळं लगडतात. त्याची फुलं-फळं म्हणजे या माकडांचं मुख्य खाणं. गाइडला मुक्कालीतच सांगा की आम्हाला फक्त हेच बघायचंय, नाहीतर तो थेट मनोऱ्यापाशी नेऊन सोडतो. वाटेत फांद्या हलल्या की इंजिन बंद करायला लावा.

एक फसगत सांगतो. आम्ही "दिसलं, दिसलं" म्हणून चाळीस फोटो काढले, ते निघाले निलगिरी वानर! तेही काळं, पण डोकं तपकिरी आणि शेपूट लांबलचक, गोंडा नाही. सिंहपुच्छाच्या चेहऱ्याभोवती करडी आयाळ असते.

प्रतिसाद २
जळवा पावसाळ्यात छळतात, फेब्रुवारीत फारसा त्रास नाही. तरी पायमोजे लांब घ्या. नदीकडे उतरताना काही वाटत नाही, परतीचा चढ काकूंना जड जाईल. काठी न्या आणि आधी मनोरा चढायला लावू नका.

धागाकर्ता
धन्यवाद! मनोरा रद्द, नदी पक्की. आईने काठी काढून ठेवलीसुद्धा. ते वेडिप्लावु फेब्रुवारीत फुललेलं असतं की फळावर, कुणी सांगेल का?