आटे पाडायला मोठा संच नको, तीन मापं चांगली घ्या

घरच्या दुरुस्तीसाठी ४० नगांचा स्वस्त टॅप-डाय संच (टॅप भोकाच्या आत आटे पाडतो, डाय बोल्टवर) घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, घेऊ नका. त्यातले टॅप बहुतेक कार्बन स्टीलचे असतात, आणि निम्मी मापं वर्षानुवर्षं डब्यातून बाहेर निघत नाहीत.

त्याऐवजी एम६, एम८, एम१० (आकडा म्हणजे बोल्टचा व्यास, मिमीमध्ये) एवढेच एचएसएसचे, म्हणजे जास्त टिकणाऱ्या हाय स्पीड स्टीलचे, हँड टॅप घ्या, टोटेम किंवा ॲडिसनचे. दुचाकीची बरीच कामं एवढ्यात होतात. फक्त पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, नीट बघा, एम१० मध्ये १.५ आणि १.२५ मिमी दोन्ही येतात. आधी भोक पाडायचं ड्रिलही नेमक्या मापाचं हवं: एम६ ला ५, एम८ ला ६.८ मिमी. भोक जरा लहान राहिलं की टॅप आत तुटलाच म्हणून समजा, आणि तुटलेला एचएसएस टॅप साध्या ड्रिलने निघत नाही. माझा एम६ चा टॅप इंजिनच्या कव्हरमध्ये असाच तुटला होता, घाईत तेल न लावता फिरवला म्हणून.

टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे फिरवा, म्हणजे धातूचा बुरा तुटतो. तेल म्हणून ॲल्युमिनियमला रॉकेल, लोखंडाला कटिंग ऑइल लावा. सुरुवातीलाच दोन बाजूंनी गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून टॅप सरळ आहे ना ते बघा. डाय मात्र लगेच घेऊ नका, खराब बोल्ट नवा आणणं स्वस्त पडतं.