जेव्हीपी (मानेतल्या शिरेतला दाब): ए, व्ही या उसळ्या आणि एक्स, वाय हे उतार पेशंटच्या मानेत ओळखायचे कसे?

फायनल_इयर: आलेख पाठ आहे, पण प्रत्यक्ष मानेत नुसती थरथर दिसते. ती शिरेची की कॅरोटिड धमनीची? आणि त्यातली ए कुठली, व्ही कुठली?

मेडिसिन_रेसिडेंट: आधी पेशंटला नीट निजव. पाठ 45 अंशांवर, डोक्याखाली एक उशी, हनुवटी किंचित डावीकडे. मान जास्त वळवलीस की स्टर्नोमॅस्टॉइड (मानेचा स्नायू) ताठ होतो आणि काहीच दिसत नाही. टॉर्च तिरका धर, त्वचेवरची सावली हलताना बघ. उजवीच बाजू घे, तिथली इंटर्नल जुग्युलर शीर जवळजवळ सरळ उजव्या एट्रियममध्ये (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) उतरते.

शिरेचं स्पंदन बोटाला लागत नाही, एका ठोक्यात दोनदा हलतं, श्वास आत घेतला की खाली सरकतं आणि क्लॅव्हिकलच्या (गळ्याच्या हाडाच्या) वर हलकं दाबलं की थांबतं.

स्पंदनाचं वरचं टोक स्टर्नल अँगलपासून (छातीच्या मधल्या हाडावरच्या उंचवट्यापासून) उभ्या रेषेत 3 सेंमीपेक्षा वर असेल तर प्रेशर वाढलेलं. काहीच दिसत नसेल तर लगेच 'नॉर्मल' लिहू नकोस. वरचं टोक जबड्याआड गेलेलं असू शकतं. पेशंटला ताठ बसवून पुन्हा बघ. हार्ट फेल्युअर इथेच निसटतं.

एको_रूम: लाटांच्या मागे लागू नकोस, उतार पकड. शीर आत पडताना डोळ्याला चटकन कळते. डाव्या कॅरोटिडवर बोट ठेव, नजर उजव्या मानेवर. ठोका लागतानाच शीर आत पडली तर तो एक्स: एट्रियम सैलावतं आणि आकुंचणारं व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) ट्रायकस्पिडची (दोघांमधल्या झडपेची) रिंग खाली ओढतं. त्याच्या लगेच आधीची उसळी ए. ठोका सरल्यावरचा उतार वाय, म्हणजे झडप उघडली. त्याआधीची उसळी व्ही. सी (ए नंतरची छोटी लाट) शोधत बसू नकोस, नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही.

निरोगी माणसात एक्स ठळक असतो. ठोक्याबरोबर आत पडण्याऐवजी मान फुगली तर ट्रायकस्पिड रिगर्जिटेशन, म्हणजे झडप गळते. कधीकधी कानाची पाळीसुद्धा हलते. टॅम्पोनाडमध्ये (हृदयाभोवती द्रव साचून दाब आला की) एक्स राहतो, वाय जातो, कारण झडप उघडली तरी बाहेरच्या दाबामुळे व्हेंट्रिकल भरत नाही. कन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिसमध्ये (हृदयाचं आवरण कडक झालं की) उलट, वाय झपकन पडतो.

फायनल_इयर: मग कंप्लीट हार्ट ब्लॉकमध्ये (एट्रियमचा संदेश व्हेंट्रिकलला पोचतच नाही तेव्हा) कॅनन ए, म्हणजे ए ची मोठी उसळी, प्रत्येक ठोक्याला का नाही?

एको_रूम: एट्रियम बंद झडपेवर आकुंचन पावलं तरच ती उसळते. ब्लॉकमध्ये दोघांची लय वेगळी, त्यामुळे अधूनमधूनच तशी गाठ पडते. दर ठोक्याला दिसली तर जंक्शनल ऱ्हिदम (ठोका एट्रियम-व्हेंट्रिकलच्या सांध्यातून निघतो) मनात धर आणि ईसीजी काढ.